एकशे त्रेचाळीस शुक्रवार

"मग एवढ्यातली पहिली कोणती ऐकवायची, चाचा?"

पद्मजानं विचारलं. दस्तगीरचाचा चष्मा पुसत राहिले. दार सताड उघडं होतं आणि रस्त्यापलीकडच्या कारखान्यातले माग खडखडत होते. मंगळवार होता.

इचलकरंजीतल्या त्या कारखान्याला पूर्वी शुक्रवारी सुट्टी असे. दुपारी बंद मागांच्या मधल्या जागेत चौघं कामगार वाजवायला बसत. चाचांची क्लॅरिनेट, एक बेंजो, एक पेटी, एक ढोलकी. गावानं त्यांचं नाव शुक्रवार पार्टी ठेवलं होतं. धरलेली चाल तासभर सोडायची नाही आणि मागच्या शुक्रवारी वाजवली तशी आज वाजवायची नाही, एवढाच त्यांचा कायदा.

पद्मजाचे वडील, आण्णा मगदूम, तिथंच जॉबर होते. बिघडलेला माग त्यांच्या हाताखालून गेला की चालू व्हायचा. वाजवायला मात्र त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. म्हणून ते टेपरेकॉर्डर घेऊन बसत.

एकोणीस वर्षांत त्यांनी एकशे त्रेचाळीस कॅसेटी भरल्या.

आता चौघांतले एकटे चाचा उरले होते. आण्णांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं. त्या दिवशी ही सगळी मुद्रणं लोकांना ऐकायला खुली करायची, असं पद्मजानं ठरवलं होतं. ती पुण्याला स्टुडिओत ध्वनिमुद्रण करते. तिचा कान फार तयार आहे, आणि हे तिला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक आहे.

अडचण एकच होती. नवा ऐकणारा आला, तर त्यानं सुरुवात कुठून करायची?

तिनं यादी करून आणली होती. एकच चाल एकतीस वेळा वाजवलेली, आणि प्रत्येक वेळेला दहापैकी गुण. चाचांनी ती यादी घेतली आणि न वाचताच मांडीवर ठेवली.

"तुला कुठली आवडली?"

याचीच ती वाट बघत होती. सत्त्याऐंशी सालची, डिसेंबरातली, ती म्हणाली. दहापैकी दहा. बाकी तीस वेळा चाचा पहिल्याच फुंकरीत चाल उचलतात. या एका वेळी मात्र अगदी हळू, कानात काही सांगावं तसे येतात. पेटी असून नसल्यासारखी. ढोलकी नुसत्या बोटांच्या टोकांनी. स्टुडिओतल्या मोठमोठ्या वादकांना तिनं ती ऐकवली होती आणि सगळ्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली होती.

"तुम्हाला हे सुचलं कसं, चाचा?"

"आठवत नाही गं."

खरखर काढून साफ केलेलं ते मुद्रण लावून तिनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मधेच त्यांची बोटं गुडघ्यावर हलली, मग थांबली.

"झकास धुतलंस," ते म्हणाले. "एक डाग ठेवला नाहीस."

पद्मजा खूश झाली.

"पण आण्णा कुठं हाय यात?"

"आण्णा वाजवत नव्हते, चाचा."

"ते तू मला सांगतीस?"

पद्मजानं मान खाली घातली. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. वर्षभर रोज संध्याकाळी ती या कॅसेटी ऐकत होती. गुणबिण सगळं नंतर आलं. एवढ्या त्यांनी स्वतःच्या हातानं भरल्यात, तर ते कुठंतरी सापडतील, असं तिला वाटत होतं. एकशे त्रेचाळीस झाल्या. आण्णा कुठंच सापडले नाहीत.

चाचांनी तिला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं. मग त्यांनी विचारलं, पहिल्या सुरांच्या आधी काय होतं?

काही नाही, ती म्हणाली. सुरुवातीच्या पाच-सात कॅसेटी तिनं पार आरंभापासून ऐकल्या होत्या. खोकला, स्टुलं ओढल्याचे आवाज, कपबशा. तेव्हा तिनं संगणकाला एकच नियम घालून दिला. पहिला सूर लागेपर्यंतचं सगळं काप. त्यानं एकशे त्रेचाळीस वेळा इमानेइतबारे कापलं, आणि पुढं ती ते कापलेलंच ऐकत गेली.

"आन् कॅसेटी?"

त्या तिनं आणल्याच होत्या. दाराशी दोन रेक्झिनच्या बॅगा उभ्या होत्या. आता त्यांचं काही काम उरलं नव्हतं, म्हणून ती त्या चाचांकडेच ठेवून जाणार होती.

चाचा उठले. बॅगेपाशी उकिडवे बसून त्यांनी एकेका डबीची पाठ वाचत डिसेंबरची ती कॅसेट शोधली. आण्णांचं अक्षर तिरकं, पेन्सिलीचं. फडताळावरच्या जुन्या टेपमध्ये त्यांनी ती घातली, पार सुरुवातीपर्यंत मागं नेली आणि बटण दाबलं.

खरखर.

पद्मजानं सवयीनं कपाळाला आठी घातली.

कुणीतरी खोकलं. स्टूल सरकलं. मग माईकच्या अगदी जवळून एक आवाज आला.

"अकरा डिसेंबर, शुक्रवार."

तिनं चाचांचा हात धरला.

"...दस्तगीर, थांब की जरा. पद्मीला ताप हाय. घरात कोण नाही म्हणून हितंच आणलंय, सुताच्या खोलीत. आत्ता कुठं डोळा लागलाय. दार लोटून येतो."

पावलं लांब गेली. दार करकरलं. पावलं परत आली.

"हळू वाजवा रे आज."

आणि क्लॅरिनेट सुरू झाली, ज्या हळू सुराला तिनं दहापैकी दहा दिले होते, त्या सुरात.

पद्मजा रडली. आवाज न करता, बराच वेळ. चाचांनी टेप बंद केली आणि ते तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. त्यांचेही डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

त्यांच्या मांडीवरची यादी केव्हाच खाली पडली होती. तिनं ती उचलली, घडी केली आणि पर्समध्ये घातली. पलीकडचे माग खडखडत होते.

"मग..." तिनं विचारलं. या वेळी तिला खरोखरच माहीत नव्हतं. "पहिली कोणती, चाचा?"

चाचांनी कॅसेट पुन्हा पार मागं नेली. बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"आधी दार लोट, पद्मी."