तांब्याभर पाणी

श्रोतेहो, तुम्ही देवाला फूल वाहता. पण ते ज्या झाडाचे, त्या झाडाच्या मुळाशी तुम्ही कधी पाणी घातले आहे काय?

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात दोन जावा एकाच अंगणात नांदत होत्या. अंगणाच्या एका कडेला कुलदेवीची घुमटी होती आणि तिच्यासमोर फुलांचा ताटवा. सासूबाई हयात असताना तो कधी ओका दिसला नाही. त्यांचा एकच नेम होता. झाडाला तांब्याभर पाणी घातल्यावाचून त्या त्याचे फूल तोडीत नसत. ‘आधी द्यावे, मग मागावे,’ असे त्या सुनांना सांगत.

सासूबाई निवर्तल्या. थोरलीला वाटले, ताटवा धाकटी पाहील. धाकटीला वाटले, मान थोरलीचा, आपण हात कसा लावावा? पाहता पाहता ताटव्यात हरळी माजली आणि देवीसाठी शेजाऱ्यांच्या कुंपणावरची फुले येऊ लागली.

एके सकाळी शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, “देवी तुमची आणि फुलं आमची होय? मग नैवेद्यही आमच्याच चुलीवरचा न्या की!”

ते शब्द सासऱ्यांच्या कानी पडले. त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागले नाही. संध्याकाळी त्यांनी ताटव्याच्या मधोमध एक दगड ठेवला.

“अर्धा ताटवा थोरलीचा, अर्धा धाकटीचा,” ते म्हणाले. “येत्या चैत्रपाडव्याला जिच्या मातीतलं फूल देवीला चढेल, पूजा तिच्याकडे. कायमची.”

देवीची पूजा जिच्याकडे, तिला गावात पहिले हळदीकुंकू मिळे. थोरलीला ते हवे होते. धाकटीला हळदीकुंकवाची ओढ नव्हती; पण घुमटीपाशी घटकाभर बसल्यावाचून तिचा दिवस उजाडत नसे. पूजा हातची गेली तर ते बसणेही जाणार, हे ती जाणून होती.

श्रावण लागला. थोरलीने वरवर गवत कापले आणि झेंडूचे बी फेकले. धाकटीने माती खोल खणली, हरळीची मुळे वेचून काढली, शेणखत मिसळले आणि जास्वंद, मोगरा, तगर यांच्या काड्या लावल्या. एकदा जीव धरला की वर्षानुवर्षे फुलणारी ही झाडे. पण त्या दिवशी त्या नुसत्या काड्याच होत्या.

थोरलीला हसू आवरेना. “अगं, हे काय, सरपण पेरलंस? पुढल्या वर्षी मोळ्या उगवतील हो!”

“उगवल्या तर पहिली मोळी तुमच्या चुलीला, अक्का,” धाकटी हसून म्हणाली. “खरंच सांगते, जास्वंदीच्या काड्या उरल्यात. तुमच्या बाजूला लावून देऊ का?”

“तुझं सरपण तुलाच लखलाभ.”

दसऱ्याला थोरलीचा भाग सोन्यासारखा पिवळा झाला. ती सासऱ्यांपुढे उभी राहिली. “मामंजी, पाडव्यापर्यंत थांबायचं कशाला? डोळ्यांनी दिसतंयच की!”

“देवी दसऱ्यानंतरही इथंच राहणार आहे, सूनबाई,” ते म्हणाले.

माघात झेंडू वाळून काळा पडला. धाकटीच्या काड्यांना पालवी आली होती. ती रोज सकाळी तांब्याभर पाणी घाली आणि एखादे नवे पान दिसले तरी तिला दिवसभर पुरे. फाल्गुन सरता सरता जास्वंदीवर लाल कळ्या धरल्या आणि मोगरा टपोरला. घुमटीपाशी बसून तिने नुसते हात जोडले.

पाडव्याच्या पहाटे धाकटी नदीवर स्नानाला गेली. थोरली कोयती घेऊन ताटव्यात शिरली. धाकटीच्या जास्वंदीच्या बहरलेल्या फांद्या तिने कापल्या आणि आपल्या मातीत ओळीने खोवल्या. धाकटी परतली, तेव्हा तिची जास्वंद बोडकी होती आणि सासरे घुमटीपाशी आले होते.

“अक्का!” एवढेच तिच्या तोंडून निघाले.

“माझ्याकडे काय बघतेस? माझीही जास्वंद फुलली,” थोरली म्हणाली. “मामंजी, मीच थोरली. पहिलं फूल मी तोडते.”

सासऱ्यांनी दोन्हीकडे पाहिले. मग तांब्या भरून तिच्या हाती दिला. “तोड. पण या घरची रीत विसरलीस. आधी पाणी.”

थोरलीने पाणी घातले. माती भिजली, सैल झाली. पहिली फांदी कलली, मग दुसरी. पाहता पाहता सारी ओळ फुलांसकट चिखलात आडवी झाली. एकीलाही मूळ नव्हते.

“देवीसाठीच तोडली ना मी!” थोरली रडवेली होऊन म्हणाली. “देवासाठी घेतलेलं फूल चोरीचं नसतं, मामंजी.”

“देवीसाठी घेतलं असतंस, तर ओंजळीत आणलं असतंस,” सासरे म्हणाले. “मातीत खोवलंस, ते माझ्यासाठी.”

धाकटीने आपल्या भागात पाणी घातले आणि पानांआड राहिलेला मोगरा तोडून देवीला वाहिला. पूजा तिची झाली. कापलेल्या जास्वंदीला जागोजागी नवे धुमारे फुटले आणि पुढल्या वर्षी ती दुपटीने बहरली.

आणि थोरली? सासऱ्यांनी तिला एवढेच सांगितले : “आजपासून तांब्या तुझा, फूल तिचं.” त्या दिवसापासून रोज सकाळी ती जावेच्या झाडांना पाणी घाली आणि आदल्या दिवशीचे निर्माल्य उचलून त्यांच्याच मुळाशी पुरत असे. पुढे तिचे केस पिकले, तिच्याच पाण्यावर वाढलेला ताटवा बारमाही फुलत राहिला. पण त्यातले एक फूलही आपल्या हाताने देवीला वाहणे तिच्या नशिबी पुन्हा आले नाही.

बोध : जे रुजलेले नाही, ते देवापुढे उभे राहत नाही.