इंगवलेचं पान

“पण सर, त्याला अधिकारी म्हणायचं तरी कोणत्या नियमानं?”

मेजर केळुसकरांनी पुन्हा तेच विचारलं. लष्करी अकादमीच्या सुवर्णमहोत्सवाचा इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस हुशार. कॅडेट असताना मानाची तलवार पटकावली होती, आणि ती अजून हातात असल्यासारखेच चालायचे.

समोर आरामखुर्चीत ब्रिगेडियर सरनोबत. निवृत्त. अंगात बंडी, पायजम्याची नाडी लोंबकळत होती. ते अकादमीच्या पहिल्या बॅचचे. पुढे तिथंच त्यांनी केळुसकरांना शिकवलं होतं.

वाद एका माणसावरून होता. धोंडी इंगवले.

तोही पहिल्या बॅचचा. शेवटच्या सत्रात अकादमीनं त्याला घरी पाठवलं. पाहुण्यांसमोरच्या परेडमध्ये चालत्या तुकडीला थांबवायची आज्ञा त्याला द्यायची होती. ‘थम’ हा एवढासा शब्द. ऐन वेळी तोच तोंडात येईना, आणि पाटणच्या डोंगरातलं हे पोर ओरडलं, “थांबा रे!”

चुकलेली आज्ञा मागं घ्यायला ‘जैसे थे’ म्हणतात, तेही त्याला सुचलं नाही. परेडचं हसं झालं. शेरा पडला, अधिकारी होण्यास अपात्र.

इंगवले गावी गेलाच नाही. सरळ भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि शिपाई झाला. पुढे सीमेवरच्या लढाईत त्याच्या प्लाटूनचा अधिकारी पडला. माणसं मागं पळू लागली. तेव्हा हाच ओरडला, “थांबा रे!”

सगळे थांबले. ठाणं राहिलं. इंगवले राहिला नाही.

“अकादमीच्या भिंतीवर हुतात्मा अधिकाऱ्यांची नावं आहेत,” सरनोबत म्हणाले. “त्याची बायको अजून आहे. भेटली की एकच विचारते, यांचं नाव लागलं का. तुझ्या पुस्तकात आलं तर भिंतीवर येईल. नाही आलं तर...”

“मलाही वाईट वाटतं, सर. पण ती भिंत अधिकाऱ्यांची आहे. त्याच्या खांद्यावर तारा नव्हता. त्याचं नाव घातलं तर अकादमी चुकली, असं मीच लिहून दिल्यासारखं होईल.”

“हं...”

“पुस्तक उद्या छापायला जातंय. इंगवलेचं पान मी काढतोय.”

केळुसकरांनी टोपी घातली आणि पायरी उतरले.

“सावधान!”

सरनोबतांचा तो आवाज म्हाताऱ्याचा वाटतच नव्हता. अंगणात केळुसकरांच्या टाचा जुळल्या. मुठी पँटच्या शिवणीला लागल्या. नजर समोर.

सरनोबतांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. सावकाश प्यायले. पुन्हा ओतला.

...

ऊन वर आलं. केळुसकरांच्या कानामागून घाम ओघळत कॉलरमध्ये गेला. पुसायला हात उचलला नाही. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. कशाची, ते मात्र कळत नव्हतं.

“सर... विश्राम?”

“मी कोण?”

“ब्रिगेडियर सरनोबत, सर.”

“निवृत्त. तुला आज्ञा द्यायचा मला अधिकार आहे?”

“...नाही, सर.”

“खांद्यावर काय आहे माझ्या?”

केळुसकरांची नजर क्षणभर हलली.

“बंडी, सर.”

“मग कोणत्या नियमानं उभा आहेस?”

...

उत्तर सोपं असतं तर केळुसकरांनी केव्हाच दिलं असतं. उत्तरं देण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता. खाली बघावं तर सावधानमध्ये खाली बघता येत नाही. डोळे भरून आले ते तसेच राहिले.

सरनोबत वाट बघत होते. त्यांना घाई नव्हती.

“सर,” अखेर केळुसकर म्हणाले. “इंगवल्यांना... त्यांना कसं लिहू?”

सरनोबतांनी बशी खाली ठेवली.

“जैसे थे.”