कान गेले की कानस

“मग एकच का?” कस्तुरीने विचारलं.

बशीरचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर तंबोऱ्यासाठी वाळवलेला भोपळा होता आणि त्यावरून ते नुसताच हात फिरवत होते.

“चाचा, मी तुमच्याशी बोलतेय. पाचांपैकी एकच तारा. तोही तुमच्या नावानं. का?”

“चहा घेतेस?”

“चहा नको. उत्तर हवंय.”

म्हाताऱ्या माणसांची ही खोडच असते. उत्तर मागितलं की चहा विचारतात.

कस्तुरी उंबऱ्यापाशीच उभी राहिली. तिला आत बसायचं नव्हतं. बसलं की आवाज खाली येतो. आणि आवाज खाली आला की आपण खरोखर जे बोलायला आलोय ते बोलावं लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मिरजेच्या त्या गल्लीत तंबोरे बनतात. बनवणारे पुष्कळ, पण जवारी काढावी ती बशीरचाचांनी, असं गाणारी माणसं म्हणत. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, हाडाची घोडी असते, तिच्यावरून चार तारा जातात. ती घोडी कानशीनं अशी घासायची, की तार तिला जेमतेम चाटून जावी. मग तार नुसती वाजत नाही, फुलते, गुंजत राहते. केसभर जास्त घासलं की घोडी वाया.

चाचांची कानस आज भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. फडक्यात गुंडाळून.

आल्या आल्या कस्तुरीने सगळ्यात आधी तेच पाहिलं होतं. आणि म्हणूनच ती भांडत होती.

ॲप तिचं पहिलंच. नाव ‘सूरसोबत’. गाणं शिकणाऱ्या मुलींच्या घरी तंबोरा नसतो, फोन असतो. तेव्हा फोनलाच तंबोरा करायचा, एवढी साधी कल्पना. सगळं ती व्हिडिओ बघून शिकली. एक बटण जागेवर बसायला चार दिवस लागले होते.

आवाज मात्र तिला कुठला तरी उचललेला नको होता. चाचांच्या तंबोऱ्याचाच हवा होता.

ती रेकॉर्डिंगला आली तेव्हा कशासाठी, असं चाचांनी विचारलं नाही. उठून पंखा बंद केला. शेजारच्या सुताराला ‘तासभर ठोकू नकोस’ म्हणून सांगून आले. वैशाखातली दुपार, सदरा पाठीला चिकटलेला. हा माणूस एकेक तार छेडून ती विरेपर्यंत श्वास धरून बसत होता.

मग जाहिरात. कस्तुरीने सगळे ग्रुप पिंजून काढले. नात्यातले, कॉलेजचा, सोसायटीचा, बाबांच्या लॅबमधला. ‘पाच तारे द्या ना, प्लीज.’ नागपूरच्या आत्यानं पाच दिले आणि खाली लिहिलं, ‘वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा.’ वाढदिवस नव्हता.

त्रेचाळीस जणांनी पाच-पाच दिले. उघडून ऐकलं होतं अकरा जणांनी. हा आकडा तिच्याच फोनवर दिसायचा. ती तिकडे बघायचीच नाही.

चव्वेचाळिसावा अभिप्राय बशीर मुजावर यांचा. एक तारा. खाली एकच शब्द.

‘एक.’

कस्तुरी तेव्हा बसस्टँडवर होती. सांगलीची बस लागायच्या आत तिनं उत्तर लिहूनही टाकलं, सगळ्यांना दिसेल असं.

‘कान गेले की कानस ठेवून द्यावी.’

वाक्य जमलं होतं. तिचं तिलाच हसू आलं होतं.

ॲप कुणी कुणाला पुढे पाठवलं नव्हतं. ते वाक्य मात्र गावानं पाठवलं. गाण्याच्या क्लासात, तंबोरेवाल्यांत, पार कोल्हापुरापर्यंत. हे आहे तरी कुठल्या ॲपवरचं म्हणून लोक बघायला आले, आणि दोन दिवसांत दोनशे जणांनी ‘सूरसोबत’ फोनवर घेतलं.

कस्तुरी एक संध्याकाळ आनंदात होती.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या एक गाणाऱ्या बाई आल्या आणि जवारीला दिलेला तंबोरा तसाच परत घेऊन गेल्या. कापडी गवसणीची गाठ चाचांनीच मारून दिली म्हणे.

त्यानंतर कानस खिळ्याला.

या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे कस्तुरी मागच्या गल्लीनं घरी जात होती.

“फोन आणलायस?” चाचांनी विचारलं.

“आहे.”

“लाव तुझं ते.”

चाचांनी भोपळा बाजूला ठेवला, कोपऱ्यातला जुना तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि तिचा फोन तबलीवर ठेवला. मग त्यांनी केलं ते कस्तुरीनं कधी पाहिलं नव्हतं. ते वाकले आणि तंबोऱ्याची दांडी त्यांनी दातांत धरली. डोळे मिटले.

“चाचा, हे काय…”

चाचांनी हात वर केला. गप्प.

फोन वाजू लागला. पंचम. चाचा हलले नाहीत. मधल्या जोडीची पहिली तार… काही नाही. जोडीची दुसरी… काही नाही. मग खर्ज. जाड, खालचा, घोगरा सूर.

चाचांचं एक बोट वर झालं.

त्यांनी दांडी सोडली, ओठ पुसले.

“एक.”

“काय एक?”

“तूच म्हणालीस ना, किती तारा ते सांगा. चारांतली एक लागली होती. एक म्हटलं.”

कस्तुरीला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ती जवळजवळ किंचाळली.

“तारा नाही हो चाचा! तारे! चांदण्या असतात त्या. आवडलं की पाच द्यायच्या!”

“पाच?” चाचांनी तंबोऱ्याकडे पाहिलं. “पाचवी कुठं बांधू?”

हसण्यासारखं होतं. हसू आलं नाही.

तिला ती सकाळ आठवली. चाचांच्या फोनवर ॲप घालून देताना ती घाईत होती, एक पाय चपलेत. ‘शेवटी विचारेल किती तारे. वाटतील तेवढे द्या,’ ती म्हणाली होती. ‘किती तारा?’ चाचांनी विचारलं होतं. ‘हो, हो, तेच,’ म्हणून ती पायरी उतरलीसुद्धा होती.

“आणि बाकीच्या तिघी?” तिनं विचारलं. “त्यांना काय झालंय?”

“तू सांग. इथून गेल्या तेव्हा जिवंत होत्या.”

चाचांनी फोन तिच्या हातात दिला आणि समोरच्या तंबोऱ्याची जोडीची तार छेडली. तार वाजली, मग हळूहळू उघडत गेली. तिच्यातून एक बारीक सरसर निघाली, वर चढली, आणि सगळं दुकान भरल्यासारखं झालं.

ती सरसर कस्तुरीनं ओळखली.

“चाचा… ही येत होती. मला वाटलं, रेकॉर्डिंगमधला कचरा आहे. आवाज साफ करायचं एक बटण असतं. मी ते दाबलं.”

“चारींवर?”

“तिघींवर. खर्जाच्या वेळी लॅपटॉप बंद पडला. मग कंटाळा आला. म्हटलं, राहू दे तशीच.”

“आठ दिवस लागतात मला त्या कचऱ्याला,” चाचा म्हणाले.

रागानं म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. रागाला रागानं उत्तर देता येतं, त्यात ती तरबेज होती.

“पण दांडी दातांत कशाला धरलीत?”

“मग कशानं ऐकू?” चाचा तार सैल करत म्हणाले. “डावा आधी गेला. दोन वर्षं झाली. उजव्याचंही काही खरं नाही. आता हाडातून येतं तेवढंच.”

बाहेर सुतार ठोकत होता. चाचांच्या चेहऱ्यावर त्याची खूणही नव्हती. कस्तुरीला आत्ता दिसलं, की मघापासून ते तिच्या ओठांकडे बघून बोलत होते.

“तुला कसं कळलं गं?” चाचांनी विचारलं.

“काय?”

“कान गेल्याचं. घरात कुणाला ठाऊक नाही. तू लिहिलंस ते वाचलं आणि म्हटलं, हिनं ओळखलं. लहानपणी इथं बसायचीस ना, भोपळ्यात डोकं घालून…” ते जरा थांबले. “लागलं मला, पोरी. खोटं कशाला बोलू. पण असंही वाटलं, हिचा कान तयार झालाय.”

‘हो’ म्हणायला कस्तुरीला काहीच अडचण नव्हती. एक अक्षर पुरलं असतं. म्हाताऱ्याचा मान राहिला असता आणि तिचाही.

“मला काही माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “कान आणि कानस… नुसतं जुळत होतं. म्हणून लिहिलं.”

“जुळत होतं म्हणून,” चाचा म्हणाले.

“हो.”

कस्तुरी खाली बसली. लाकडाच्या भुशात, फरशीवर. तिला वाटलं होतं तसंच झालं, आवाज खाली आला.

“मी ते काढून टाकलंय, चाचा. आता कुणाला दिसत नाही.”

“तुझं उत्तर आलं तेव्हा फोन खिशात थरथरला होता. मला वाटलं, पोरीनं विचारलंय… कुठली एक?”

तिनं मान खाली घातली. विचारायला किती वेळ लागला असता? बस लागायला अजून दहा मिनिटं होती.

“मी सगळ्यांना लिहून सांगते. तुमचंच बरोबर होतं म्हणून. कोल्हापूरला जाते, त्या बाईंच्या पाया पडते.”

“जा.”

“मग तुम्ही कानस घ्याल?”

ती उठली. खिळ्यावरची कानस काढली, फडकं सोडलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. चाचांनी हात पुढे केला नाही.

“घासलेलं परत चढत नाही, पोरी.”

“असं कसं? तुम्हाला येतंय की अजून! आत्ता सांगितलंत ना, एक लागली, तीन नाही लागल्या. गावात कुणाला कळलं असतं ते? त्रेचाळीस जणांना नाही कळलं!”

“येतंय.” चाचा हसले. “त्या बाई यायच्या तेव्हा माझ्या हाताकडे बघत बसायच्या. आता कुणीही आलं तरी कानाकडे बघेल.”

कानस तिच्या हातातच राहिली. टांगावी तर पुन्हा खिळ्याकडे जावं लागेल, आणि ते तिच्यानं होत नव्हतं.

चाचांनी चारी तारा सैल केल्या, घोडीवरून बाजूला सारल्या. मग तंबोरा उचलला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

“चाचा, मला नाही येत. लहानपणी मोडक्या घोडीवर घासायचे, तेवढंच. बिघडली तर?”

“बिघडेल.”

ते तिच्या शेजारी सरकले, वाकले आणि दांडी दातांत धरून डोळे मिटून बसले.

कस्तुरीने कानस घोडीला लावली. हाडाची पांढरी भुकटी बोटांवर पडू लागली. थोडं घासायचं, फुंकर मारायची, तार चढवायची, सूर उघडावा म्हणून तारेखाली बारीक दोरा सरकवायचा, छेडायचं, पुन्हा उतरवायची. मधे दोनदा तिच्या ओठांवर आलं, ‘झालं का?’ दोनदा तिनं ते गिळलं. ऊन उंबऱ्यावरून उतरून गल्लीत गेलं. शेजारी सुतारानं दुकान आवरलं. चाचांनी एकदाही डोळे उघडले नाहीत.

शेवटी तिनं चारी तारा चढवल्या, चारी दोरे सारखे केले आणि हात पुसला.

पंचम छेडली.

चाचा हलले नाहीत.

जोडीची पहिली… काही नाही. दुसरी… काही नाही.

तिनं खर्जावर बोट ठेवलं, आणि थांबली. मग छेडली.

तार वाजली. वाजत राहिली. विरत आली…

चाचांनी दांडी सोडली.

“एक,” ते म्हणाले.