कोपरा फाडलेली पत्रं

"...मग ही पत्रं घरची धरू की फौजेची, एवढं तरी सांगा ना महाराज."

विसाजी कारकून तिसऱ्यांदा विचारत होता. त्याचे गुरू हरिगिरी गोसावी आपले ताक घुसळत बसलेले. मान वर करायला तयार नाहीत.

विसाजी कावला होता, आणि कावायला कारणही होतं. सातासमुद्रापलीकडं जन्मलेला बार्तुल साहेब, इथल्या सरदारांच्या तोफखान्यावरचा पहिला फिरंगी अंमलदार, गेल्या महिन्यात वारला. त्याच्या कागदांची पेटी विसाजीच्या गळ्यात आली. फौजेचे कागद दरबाराचे, घरचे साहेबाच्या बाईचे. विसाजीनं बारा दिवसांत तीन हजार कागद निवडले. दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं, हेही त्यानं आल्या आल्या दोनदा ऐकवलं.

अडलं ते एका गठ्ठ्यापाशी.

उत्तरेच्या मोहिमेत पडलेल्या गोलंदाजांच्या घरी साहेबानं लिहिलेली पत्रं होती ती. मयताच्या पत्राचा कोपरा फाडायची आपली रीत. साहेबानं ती कुणाकडून तरी शिकून घेतली होती, एकूणएक कोपरे नीट फाडले होते. धाडलं मात्र एकही नव्हतं. बाई सांगत होती, लिहायचे, कोपरा फाडायचे, उद्या धाडू म्हणायचे, आणि परत बांधून ठेवायचे.

दरबार म्हणे, माणसं आमची, पत्रं आमची. बाई म्हणे, अक्षर माझ्या नवऱ्याचं. उद्यापर्यंत निवाडा झाला नाही तर विसाजीची नोकरी जात होती.

"एक वाच," महाराज म्हणाले.

"वाचून काय व्हायचंय? सगळी सारखीच आहेत."

"वाच."

विसाजीनं दातओठ खात वरचं उचललं. "मौजे निंबगाव. तुकोजी गोलंदाजाची बायको राही, हिला..."

"पुढं?"

"पुढं तेच. तुझा नवरा पडला."

"कुणाचं म्हणालास हे पत्र?"

"तेच तर विचारतोय मघापासून..."

महाराजांनी रवी बाजूला ठेवली. उठले. दाराबाहेर विसाजीच्या वहाणा होत्या, त्या उचलून आणल्या आणि त्याच्या पुढ्यात मांडल्या.

गुरूच्या हातात आपल्या वहाणा बघून विसाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांच्या मनातलं ध्यानात आलं, तसा तो आणखीच वैतागला.

"तुकोजीला पडून अकरा वर्षं झाली, महाराज. आता जाऊन त्या राहीला नवीन काय सांगायचं?"

महाराजांनी पुन्हा रवी हातात घेतली.

"आज सकाळीसुद्धा तिनं कुंकू लावलं असेल, विसाजी."