कुशा उंदराचं कोठार

शिडाचे मचवे बंदरोबंदरी माल नेत, त्या काळी एका म्हाताऱ्या मचव्यावर कुशा नावाचा उंदीर राहायचा. गावच्या कोठारात दाण्या-दाण्यासाठी घुशीपुढे मान तुकवावी लागे, म्हणून त्यानं जमीन सोडली होती. बंदरात माल चढवताना मचव्यावर सांडलेला तांदूळ वेचून तो तळाशी, फळ्यांच्या सांध्यांत भरायचा.

"अरे शेटजी, माझ्या पोटात आणखी किती कोंबशील?" मचवा कुरकुरला.

"वर्षभराचं साठलं की कुणाच्या दारात जायला नको, दादा. मग मी मोकळा."

एकदा वादळात लाटा आत आल्या. नाखव्यानं पाणी उपसलं, पण तळातला भिजलेला तांदूळ फुगला आणि फळ्या रेटू लागला.

"कुशा, माझे सांधे उकलतायत," मचवा हळूच म्हणाला.

गावचा किनारा जवळच होता. कुशा पोहून कोठारात परतला असता, तर घुशीनं त्याला पुन्हा ठेवून घेतलं असतं, पण मान तुकवायला लावून. कुशा आपल्या साठ्याकडे बघत राहिला. मग एकेक घास उकरून तो समुद्रात टाकू लागला. संध्याकाळी फळ्यांवरचा ताण गेला.

"सगळं गेलं रे तुझं. आता कसा मोकळा होणार?"

कुशा भिजल्या अंगानं डोलकाठीला टेकला होता.

"जमिनीवर उतरलो नाही ना, दादा," तो म्हणाला.