डोळ्यातला कण

आठ महिने जिच्या हातून एकही चूक झाली नाही, तिला खुर्ची द्यायला तुम्ही किती दिवस लावाल, सांगा बरं?

केतकी धुमाळ हेच विचारत होती. उजागरे सरांना.

“सर, माझ्यात अजून काय कमी आहे?”

सर काचेपलीकडे बघत राहिले. काचेपलीकडच्या खोलीत एमआरआयचं मशीन होतं, पांढरंशुभ्र, मधोमध बोगद्यासारखं गोल तोंड असलेलं.

“सर, मी तुम्हाला विचारतेय.”

“ऐकतोय ना.”

“मग सांगा की.”

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

कोल्हापुरातलं ते धर्मादाय रुग्णालय. सर तिथं एकतीस वर्षं होते. आधी एक्स-रे, मग सीटी, मग हे मशीन. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, हे ठरवणारा कागद तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून होता. केतकीचं नाव त्यावर टाइप केलेलं होतं. खाली सरांची सही तेवढी नव्हती.

सही झाली नाही तर बाहेरून माणूस आणणार, असं ऑफिसनं स्पष्ट सांगितलं होतं.

केतकी डिप्लोमाला पहिली आली होती. हे नवं मशीन परदेशातून आलं, तेव्हा कंपनीची माणसं पंधरा दिवस शिकवायला आली होती. आठव्या दिवशीच केतकी त्यांच्या चुका काढायला लागली. कुठल्या अवयवाला कुठली पद्धत, कॉन्ट्रास्टचं औषध शिरेत गेल्यावर किती सेकंदांनी चित्र घ्यायचं, सगळं तिला तोंडपाठ. तिचं चित्र कधी पुसट आलं नाही.

ती दिवसाला अकरा पेशंट करायची.

सर सात करायचे. कधी सहाच. कारण सर पेशंटजवळ बाकावर बसायचे. गाव कुठलं, पाऊसपाणी कसं, कोण सोबत आलंय... हे तिला दिसायचं आणि तिचा जीव वरखाली व्हायचा. बाहेर रांग लागलेली, आणि सर कुणाच्या तरी म्हशीचं नाव विचारतायत!

“सर, पुढचा पेशंट मी एकटी करते,” ती म्हणाली. “तुम्ही नुसते उभे राहा. काही चुकलं तर तो कागद फाडून टाका.”

सर तिच्याकडे वळले.

“आणि नाही चुकलं तर?”

“तर सही करा.”

सर थोडं हसले. उठून खुर्ची मोकळी केली.

पुढचा पेशंट होता तातोबा मगदूम. वय सत्तरच्या पुढं, अंगानं सुकलेला पण ताठ. दोन महिन्यांत दोनदा आकडी आली होती, डाव्या हातातून तांब्या निसटायचा. मेंदूत गाठ आहे का, ते बघायचं होतं. सोबत बायको होती, हौसाबाई. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात प्लास्टिकची पिशवी.

केतकीनं झरझर काम उरकलं. मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहिला, तो चांगला होता, म्हणजे कॉन्ट्रास्ट द्यायला हरकत नव्हती. गाठ असली तर त्या औषधानं ती चित्रात उजळून निघते. सिस्टरनं शिरेत सुई लावून ठेवली होतीच. केतकीनं औषध भरून सिरिंज ट्रेमध्ये तयार ठेवली.

मग तिनं कंपनीचा छापील फॉर्म घेतला. बावीस प्रश्न.

“आजोबा, पेसमेकर आहे?”

“न्हाई.”

“हाडात प्लेट, सळई?”

“न्हाई.”

“कानाचं, मेंदूचं ऑपरेशन?”

“काय बी न्हाई.”

“डोळ्याला धातूमुळं कधी इजा?”

“न्हाई बा.”

“गोळी, छर्रा लागलाय कधी?”

“मी काय दरोडेखोर हाय व्हय?”

हौसाबाई पदरात हसली. केतकीही हसली, पण हात थांबला नाही. बावीस प्रश्न संपले. कवळी, चष्मा, करदोडा, हातातलं कडं, सगळं काढून हौसाबाईच्या पिशवीत गेलं. तातोबांनी फॉर्मवर अंगठा उठवला. घड्याळात चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

केतकीनं सरांकडे पाहिलं. बघा, असं न बोलता.

सर मशीनच्या दाराशी उभे होते. त्या दारावर लाल पाटी असते. आतलं चुंबक कधी बंद नसतं. दिवे गेले, माणसं जेवायला गेली, तरी ते जागंच असतं. लोखंडाची वस्तू आत नेली तर ती हातातून सुटून मशीनकडे झेपावते.

“चला आजोबा,” केतकी म्हणाली.

तातोबा दारापर्यंत आले. उंबरा ओलांडायला सरांनी हात पुढं केला. तातोबांनी तो धरला.

...आणि सरांनी सोडला नाही.

त्यांनी तो हात उलटा केला. तळवा वर आला. पांढऱ्या पडलेल्या, रेषा झिजलेल्या तळव्यावर आणि मनगटापर्यंत बारीक बारीक निळसर काळे ठिपके होते. गोंदल्यासारखे. पण ते गोंदण नव्हतं.

“सर, उशीर होतोय.”

सर दारातच आडवे उभे राहिले. मग तातोबांना घेऊन बाहेरच्या बाकावर आले आणि त्यांच्या शेजारी बसले. हात अजून हातातच.

“फौंड्रीत होता का, तातोबा?”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला.

“तुमी कसं वळखलं? छत्तीस वर्सं! शिरोलीला. ग्राइंडरवर हुतो.”

“ओतलेला माल घासायचा?”

“व्हय. ठिणग्या अशा उडायच्या, दिवाळी रोजची!”

“दिवाळी म्हनं!” हौसाबाई पुढं सरकली. “सायेब, ह्यांच्या उशीवर काळी भुकटी पडायची. छत्तीस वर्सं अभ्रं धुतलीत म्या. पानी बघा, नुसतं शाईवानी.”

“आणि ठिणगी डोळ्यात गेली की?” सरांनी सहज विचारलं.

“त्ये तर रोजचंच की,” तातोबा म्हणाले. “आमचा दत्तू हुता न्हवं, त्याच्याकडं बारकं चुंबक असायचं. पापनी उलटायची, चुंबक फिरवायचं, टक्कन कन भाईर. च्या पिऊन परत कामावर.”

“सगळे निघायचे?”

“एक न्हाई निघाला.” तातोबांनी उजव्या डोळ्याकडे बोट केलं. “लई आत गेलता. डाक्टर म्हनला, काय तरास न्हाई, ऱ्हाऊ दे. ऱ्हायला. आता बावीस-तेवीस वर्सं झाली.”

बाकासमोर उभ्या असलेल्या केतकीच्या हातात अजून फॉर्म होता.

“आजोबा...” तिनं तो पुढं धरला. “मी विचारलं होतं ना, डोळ्याला इजा झालीय का म्हणून?”

तातोबा गोंधळले. “इजा कुठं? इजा आमच्या किसनाला झाली. दोन बोटं गेली त्याची. ह्यो तर कन हाय.”

सरांनी चिठ्ठी लिहिली. समोरच्याच खोलीत डोळ्यांचा एक्स-रे झाला. पंधरा मिनिटांत चित्र पडद्यावर आलं.

उजव्या डोळ्याच्या खोबणीत एक पांढरा ठिपका. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा.

केतकी त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. तातोबा बोगद्यात सरकले असते, तर चुंबकानं तो दाणा वळवला असता, ओढला असता. बावीस वर्षं एका जागी मुरलेला लोखंडाचा तुकडा डोळ्याच्या आतून फिरला असता. तिनं काचेआडून बटण दाबलं असतं, आणि चित्र नेहमीसारखं स्वच्छ येतंय का, एवढंच पाहिलं असतं.

“सर, मी प्रश्न वगळला नव्हता.”

“नाही वगळलास. मी ऐकलं.”

“तेच नाही म्हणाले.”

“खोटं बोलले?”

“...नाही.”

“तू चुकीचं विचारलंस?”

“नाही.”

पडद्यावरचा ठिपका तसाच होता.

“मग चुकलं काय, सर?”

“ते दोघं बाहेर बसलेत,” सर म्हणाले. “त्यांना जाऊन सांग.”

“काय सांगू?”

“काय होणार होतं ते.”

“तुम्ही सांगा ना, सर. तुमचं ऐकतील.”

सर खिडकीकडे वळून उभे राहिले.

तिला कळलं, की न सांगताही भागलं असतं. ‘एमआरआय जमणार नाही, त्याऐवजी सीटी करू’ एवढं म्हणून पाठवता आलं असतं. त्या दोघांना कधी कळलं नसतं. खिडकीकडे तोंड केलेल्या माणसानंही काही विचारलं नसतं, असं तिला वाटलं.

ती बाहेर गेली.

बाकावर तातोबा कवळी लावत होते. हौसाबाई त्यांचा करदोडा बांधत होती.

“आजोबा,” केतकी समोर खाली उकिडवी बसली. “तुमच्या डोळ्यात तो कण अजून आहे. आणि हे मशीन म्हणजे मोठं चुंबक आहे. मी तुम्हाला आत नेत होते. नेलं असतं तर... डोळा गेला असता कदाचित. सरांनी थांबवलं. मी थांबवलं नव्हतं.”

तातोबांनी कवळी नीट बसवली.

“मजी दत्तूचं चुंबकच की, मोटं!” ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर हसले. “पर घातलं न्हाईस न्हवं आत? मग झालं तर.”

हौसाबाई हसली नाही. तिचे हात करदोड्याच्या गाठीवर थांबले होते.

“पोरी,” ती हळू आवाजात म्हणाली, “डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय ह्यांच्या. काय दिसत न्हाई त्यातनं. ह्यो एकच हाय, उजवा. ह्याच डोळ्यानं मला वळखत्यात.”

फॉर्मवर अंगठा आहे, बावीस प्रश्न विचारले आहेत, हे सगळं केतकीच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

“चुकलं, आजी.”

हौसाबाईनं गाठ मारली. मग तिनं केतकीच्या खांद्याला धरलं, आधारासाठी, आणि कण्हत उठली.

“पाय आखडल्यात,” म्हणाली. “चल, कुठं न्यायचं ते दाखीव.”

केतकी स्वतः त्यांना घेऊन सीटीच्या खोलीत गेली. जाताना जिन्यापाशी तिनं हौसाबाईची पिशवी घेतली. सीटीला दुसरं औषध लागतं, म्हणून सगळं पुन्हा विचारावं लागलं. दम्याचं विचारताना तातोबा शिरोलीच्या धुराचं सांगत बसले. ती ऐकत बसली. तेवढ्या वेळात दोनदा तिला बोलावणं आलं, बाहेरची रांग ओरडत होती. ती उठली नाही.

त्या दिवशी केतकीचे पाचच पेशंट झाले.

संध्याकाळी ती परत आली, तेव्हा सर टेबलाशी होते. तिनं नोंदवही उघडली. तातोबा मगदुमांच्या नावापुढं तिनं काय झालं ते लिहिलं, कुणी थांबवलं ते लिहिलं, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. वही सरांसमोर ठेवली.

मग नेमणुकीचा तो कागद उचलून तोही पुढं ठेवला.

“फाडा, सर. मीच म्हणाले होते.”

सरांनी नोंद वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग खिशातून पेन काढलं आणि कागदावर, तिच्या नावाखाली, सही केली.

केतकीनं कागद उचलून सही पाहिली.

“सर... आठ महिने माझं काही चुकलं नाही, तेव्हा नाही केलीत. आणि आज?”

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

“उद्यापासून तुला उशीर होईल,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी बाकावर पेशंटशेजारी बसली, आणि आठचा पेशंट आठ वाजून पस्तीस मिनिटांनी आत गेला.