सायबिणीचा दिवा

"पण मग लोक हसत का नाहीत, मास्तर?"

ठोसरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. इनास मास्तर मांडीवर ड्रमची पितळी झांज घेऊन ती चिंचेने घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

ठोसर म्हणजे नाटकातले नावाजलेले विनोदी नट. सोळा वर्षं त्यांनी नुसत्या जिभेच्या जोरावर लोकांची हसून हसून मुरकुंडी वळवली होती. नव्या नाटकात मात्र त्यांच्या वाट्याला मुक्या नोकराचं काम आलं. तीन मिनिटं तोंडातून शब्द नाही आणि शेवटी भिंतीवर घड्याळ लावायला स्टुलावर चढून धाडकन पडायचं. तीन प्रयोग झाले. तिन्ही वेळा ते पडले आणि थिएटरात कुणीतरी खोकलं, एवढंच.

आज दुपारी चारला चौथा प्रयोग होता. मंडळीचे मालक दादा कीर्तने यांनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं, आज हशा आला नाही तर उद्यापासून तो प्रवेश कापायचा. पंचेचाळिशीत कापला गेलेला विनोदी नट पुढे कुणाच्या दारात उभा राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून ते धोबीतलावच्या या कुडीत आले होते. कूड म्हणजे एका गावच्या गोवेकरांचं मुंबईतलं सामाईक बिऱ्हाड. जहाजाची वाट पाहणारे खलाशी इथे ट्रंका टाकून पडलेले असतात. मास्तर मात्र इथे कायमचे. मूकपटांच्या दिवसांत ते पडद्याखाली ड्रम घेऊन बसत, आणि पडद्यावरचा विदूषक आपटला की झांजेवर एक टोला हाणत. बोलपट आले, ती नोकरी गेली. मग पुढची तीस वर्षं त्यांनी हॉटेलांतून जॅझ वाजवला. माणूस कसा पडतो हे त्यांच्याइतकं मुंबईत कुणी पाहिलं नसेल, असं ठोसरांना कुणीतरी सांगितलं होतं.

"मी काही गमभन गिरवणारा नाही," ठोसर जरा तोऱ्यात म्हणाले. "ते जुने मूकपट मी अकरा अकरा वेळा पाहिलेत. कुठला पाय आधी, हात कधी वर... सगळं वहीत उतरवलंय. अगदी मोजून तसाच पडतो."

"स्टुलावर कशाला चढतोस?"

"पडायला. दुसरं कशाला?"

मास्तरांनी चिंच बाजूला ठेवली आणि ड्रमची काठी उचलली.

"दाखव पडून."

ठोसरांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून खाटांवर पडलेल्या खलाशांच्या मधोमध ठेवलं. मग ते दाराबाहेर गेले, मुक्या नोकराचा चेहरा केला आणि आत पाऊल टाकलं.

झण्ण!

ठोसर दचकले. "अहो, मी अजून पडलो कुठे?"

"पडलास. दारातच."

पुन्हा एकदा. या वेळी ठोसर दारात फार जपले, छताकडे बघितलं, कान खाजवला. मग स्टुलाकडे नुसती नजर गेली आणि झांज वाजली. तिसऱ्या खेपेला ते बाहेर उभे राहून घाम पुसत होते, तेवढ्यात आतून टोला ऐकू आला.

आता मात्र त्यांचं डोकं फिरलं. "थट्टा करताय माझी? दोन वाजत आले. चारला पडदा वर जाणार!"

"थट्टा नाही, पुता. आयुष्यभर हेच केलं. माणूस पडला की वाजवायचं."

ठोसर खाटेच्या कडेवर टेकले. आल्या आल्या होता तो तोरा आता कुठल्या कुठे गेला होता.

"भीती वाटते, मास्तर," ते म्हणाले. "पडल्यानंतरचा तो क्षण... मी जमिनीवर असतो, कान लावून. आणि काहीच येत नाही."

"पडद्यावरच्या त्या माणसाला आपलं हसणं कधी ऐकू आलं रे?"

मास्तरांनी झांज उलटी करून पुन्हा घासायला घेतली.

"सातासमुद्रापलीकडे पडला तो. हसलो आम्ही, इथे. त्याला पत्ता नाही."

त्यांनी चिंचेचा नवा गोळा घेतला.

"आमच्या बँडमध्ये बोना म्हणून ट्रंपेटवाला होता," मास्तर म्हणाले. "रोज नवं वाजवायचा. एकदा लोकांनी फार टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याने तेच वाजवलं, सूर न् सूर तेच. मी काठ्या खाली ठेवल्या."

"का?"

"मी काय वाजवू? त्याला जे वाजवायचं ते काल वाजवून झालं होतं."

ठोसरांच्या हाती यातलं काही लागलं नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते उठले. "निघतो. रंगायला बसायचंय."

"जाता जाता एक काम कर. माझे गुडघे चढू देत नाहीत."

मास्तरांनी मेजावरून काचेचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला. काठोकाठ तेल, त्यात तरंगती पेटती वात. भिंतीवर उंच फळीवर मारियामातेची, सायबिणीची, तसबीर होती. तो दिवा तिच्यापुढे ठेवायचा होता. फळीच्या बरोबर खाली एका खलाशाने आपला पांढराशुभ्र इस्त्रीचा गणवेश पसरून ठेवला होता. त्याचं जहाज संध्याकाळी सुटणार होतं.

ठोसरांनी पेला दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्याच्या देवाचा दिवा, त्यातून पेटता. पायानेच स्टूल भिंतीकडे सरकवत ते जपून त्यावर चढले. स्टुलाचा एक पाय आखूड होता. कुडीत ते सगळ्यांना ठाऊक होतं, ठोसरांना नव्हतं, कारण इतका वेळ पडण्याची तालीम करूनही ते एकदाही त्यावर चढले नव्हते.

स्टूल डुगडुगलं. ठोसर डावीकडे, पेला उजवीकडे. तेल हिंदकळलं तसे ते घाईघाईने पेल्याच्या मागे कलले. कंबर एकीकडे, मान दुसरीकडे, श्वास कुठेच नाही. खाली गणवेश दिसला. त्यावर पाय पडू नये म्हणून त्यांनी एक पाय हवेत उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, ज्योत विझू नये म्हणून तिच्यासमोर गाल धरला... आणि स्टूल निसटलं.

झण्ण!

ठोसर जमिनीवर फतकल मारून बसले होते. पेला डोक्याच्या वर, दोन्ही हातांत, आणि वात जळत होती.

त्यांनी आधी ज्योत पाहिली. मग गणवेश पाहिला, त्यावर एक थेंबही नव्हता. आणि सगळ्यांत शेवटी हशा त्यांच्या कानांवर आला. खाटेखाटेवरचे खलाशी पोट धरून हसत होते. गणवेशाचा मालक तर डोळे पुसत भिंतीला टेकला होता.

ठोसरांचेही डोळे भरून आले.

"हेच! मास्तर, हेच ते!" त्यांनी दिवा जमिनीवर ठेवला आणि खिशातून वही ओढून काढली. "आधी डावीकडे कललो. मग उजवा पाय... नाही, आधी मान. आधी मान होती ना? तुम्ही पाहिलंत. सांगा लवकर, दोन वाजून गेले..."

त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली.

मास्तर उठले. झांज फडक्यात गुंडाळून ठेवली. स्टूल उचलून पुन्हा फळीखाली उभं केलं.

"दिवा अजून खालीच आहे, पुता."